ब्रॉयलर कोंबड्यांचे संगोपन (महाराष्ट्र)

केवळ मांसासाठी वाढवल्या जाणाऱ्या, जलद वाढीच्या संकरित कोंबड्यांना ब्रॉयलर असे म्हणतात. अंड्यांसाठी पाळल्या जाणाऱ्या कोंबड्यांपेक्षा त्यांची जात, आहार व आयुर्मान वेगळे असते. गावठी कोंबडी खाण्याजोगी होण्यास पाच-सहा महिने लागतात. ब्रॉयलर पक्षी साधारण ३५ ते ४२ दिवसांत दोन किलोच्या आसपास भरतो आणि विकला जातो. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील अथवा डोंबिवलीतील दुकानात जाळीमागे दिसणारा पांढरा पक्षी आकाराने प्रौढ वाटला, तरी वयाने तो सहा आठवड्यांचे पिल्लूच असतो.

भारतातील आधुनिक कुक्कुटपालनाच्या वाढीत डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये स्थापन केलेल्या आणि पुढे पुण्यात मुख्यालय असलेल्या वेंकटेश्वरा हॅचरीज या संस्थेचा मोठा वाटा आहे. महाराष्ट्रात आज कंत्राटी पद्धत रूढ आहे. कंपनी एक दिवसाची पिल्ले, खाद्य व औषधे पुरवते; शेतकरी शेड, वीज, पाणी व मजुरी घालतो आणि तयार पक्ष्यांच्या वजनावर त्याला संगोपन शुल्क मिळते. मरतुक वाढली किंवा खाद्य जास्त लागले की शुल्क घटते. त्यामुळे पक्ष्यांच्या हालांचा भार काही अंशी शेतकऱ्याच्या खिशावरही पडतो.

संगोपनाची पद्धत

ब्रॉयलर पक्षी सहसा पिंजऱ्यात नव्हे, तर गादी पद्धतीने वाढवतात. जमिनीवर भाताच्या तुसाचा थर पसरून त्यावर पिल्ले सोडली जातात. पहिल्या दोन आठवड्यांत ब्रूडरखाली ऊब दिली जाते. मानमोडी (राणीखेत) व गंबोरो या रोगांच्या लसी दिल्या जातात. खाद्यात प्रामुख्याने मका व सोयाबीन पेंड असते. वाढीसाठी हार्मोनची इंजेक्शने देतात, हा समज सर्वत्र ऐकू येतो, पण तो निराधार आहे. ही वाढ पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवड पैदाशीतून आलेली आहे, आणि पक्ष्याच्या दुखण्यांचे मूळही तिच्यातच आहे.

छातीचे मांस ज्या वेगाने वाढते, त्या वेगाने पायांची हाडे, हृदय व फुप्फुसे बळकट होत नाहीत. शेवटच्या आठवड्यांत अनेक पक्षी लंगडतात, बहुतेक वेळ बसून राहतात. गादी ओली झाली की विष्ठेतून अमोनिया सुटतो. डोळे चुरचुरतात, तळपाय व गुडघ्यांवर जखमा होतात. काही पक्ष्यांच्या पोटात पाणी साचते, काही हृदय बंद पडून अचानक मरतात. ज्यांच्यापासून ही पिल्ले निपजतात, त्या पैदाशीच्या कोंबड्यांना मात्र जाणूनबुजून अर्धपोटी ठेवावे लागते. पोटभर खाऊ दिल्यास त्या अतिवजनदार होऊन त्यांची प्रजननक्षमता घटते.

एका पक्ष्यास एक चौरस फूट जागा हे प्रमाण पाळल्यास विक्रीच्या वेळी चौरस मीटरला सुमारे २१ किलो वजन येते. युरोपीय संघाच्या २००७ च्या निर्देशातील मूळ मर्यादा ३३ किलो आहे. मात्र या तुलनेवरून आपल्याकडील पक्षी अधिक सुखी ठरत नाही. कोंबडीला घाम येत नाही, ती मुख्यतः धापा टाकून शरीर थंड करते. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या उघड्या शेडमध्ये उष्माघाताने पक्षी दगावतात. म्हणून दुपारी खाद्य काढून घेणे, छतावर पाणी मारणे, ओली पोती बांधणे असे उपाय केले जातात.

रोग आणि सामूहिक हत्या

भारतातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे नोंदला गेला आणि त्या परिसरातील लाखो पक्षी मारण्यात आले. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे जिल्ह्यातील वेहळोली (ता. शहापूर) येथे सुमारे १०० पक्षी मेल्यानंतर एक किलोमीटर परिघातील जवळपास २५,००० पक्षी नष्ट करण्याचे ठरले. रोग नसतानाही असे घडू शकते. मार्च २०२० मध्ये चिकनमुळे करोना होतो या अफवेने भाव कोसळले, तेव्हा बेळगाव जिल्ह्यातील एका उत्पादकाने सुमारे सहा हजार पक्षी जिवंत पुरले.

प्रतिजैविकांच्या वापराचा प्रश्न थेट माणसाच्या आरोग्याशी निगडित आहे. माणसावरील उपचारात अखेरचा पर्याय मानले जाणारे कोलिस्टिन हे औषध खाद्यप्राण्यांना देण्यास केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये बंदी घातली.

कायदा

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा कोंबड्यांनाही लागू आहे. परंतु पहिल्या गुन्ह्यास दंड १० ते ५० रुपये, म्हणजे एका कोंबडीच्या किमतीहून कमी आहे. वाहतुकीच्या नियमांत २००१ मध्ये कोंबड्यांसंबंधी तरतुदी आल्या. त्यांनुसार ऊन-पावसापासून संरक्षण व उष्ण हवेत दर सहा तासांनी पाणी देणे आवश्यक आहे. भारतीय विधी आयोगाने जुलै २०१७ मधील २६९ व्या अहवालात अंड्यांच्या कोंबड्यांबरोबर ब्रॉयलर पक्ष्यांसाठीही स्वतंत्र नियमांचा मसुदा सुचवला.

कत्तलखान्यांविषयीच्या २००१ च्या नियमांनुसार एका प्राण्यासमोर दुसऱ्याची कत्तल करता येत नाही. शहरांतील जिवंत कोंबड्यांच्या लहान दुकानांत मात्र पिंजरा आणि कापण्याचा ओटा बहुधा एकाच खोलीत, हाताच्या अंतरावर असतात.