नौनख्तेची इस्टेट आणि मुलाच्या हाती आलेली पोथी

प्राचीन इजिप्तमधली बाई म्हणजे एक तर राणी, नाहीतर नवऱ्याच्या आज्ञेतली गृहिणी. मालमत्ता, व्यवहार, कोर्टकचेरी सगळी पुरुषांची, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे.

लक्सरजवळ नाईलच्या पश्चिम तीरावर देर अल-मदिना हे राजांची थडगी घडवणाऱ्या कारागिरांचं गाव होतं. तिथली नौनख्ते साधी गावकरी बाई. इ.स.पू. ११४५च्या सुमारास तिने न्यायसभेपुढे आपलं मृत्युपत्र लिहून घेतलं. आठ मुलं वाढवली, त्यांचे संसार उभे करून दिले. पण म्हातारपणी ज्यांनी विचारलं नाही, त्यांना तिने आपल्या वाट्यातून वगळलं. बापाच्या मालमत्तेवरचा त्यांचा हक्क मात्र शाबूत राहिला, कारण नवरा-बायकोची मिळकत कायद्याने वेगळी मोजली जाई. एका मुलाला तर तिने ब्राँझचं भांडं जास्तीचं दिलं.

नाणी नव्हती म्हणून व्यापार नव्हता, असंही समजू नये. भाव तांब्याच्या देबेनमध्ये (सुमारे ९१ ग्रॅम) ठरत आणि धान्य, कापड, भांडी देऊन चुकते होत. याच गावातल्या इपुईच्या थडग्यात नदीकाठी माल मांडून बसलेल्या बायका रंगवल्या आहेत. दुसऱ्या रामसेसच्या काळात इरितनेफ्रेत नावाच्या बाईने राया या व्यापाऱ्याकडून कपडे आणि भांडी देऊन सीरियातली एक मुलगी गुलाम म्हणून विकत घेतली. इरितनेफ्रेतचा अधिकार सांगताना त्या मुलीची गुलामगिरी झाकणं मला पटत नाही.

तिसरा समज विद्येचा: ती बापाकडूनच मुलाला मिळे. साक्षर थोडेच होते आणि लेखनिकाचं काम बहुधा घराण्यात चाले, हे खरं. पण अनीच्या उपदेशग्रंथात शाळेत जाणाऱ्या मुलासाठी रोज भाकरी आणि बिअर पुरवणारी आईच आहे. नौनख्तेचा पहिला नवरा केनहेरखेपशेफ हा लेखनिक; त्याने पपायरसच्या पोथ्या जमवल्या होत्या. त्याच्यापासून तिला मूल झालं नाही. तरीही स्वप्नांचे अर्थ सांगणारी त्याची पोथी पुढे आमननख्तच्या हाती आली, आणि आमननख्त हा नौनख्तेच्या दुसऱ्या लग्नाचा मुलगा. म्हणजे पोथी आली ती आईच्या बाजूने. आमननख्तने तिच्यावर आपलं नाव लिहिलं. ती आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, तर आईचं मृत्युपत्र ऑक्सफर्डच्या अॅशमोलियन संग्रहालयात.