सायीसारखी वाइन कशी निवडाल?

उमरग्यासारख्या हमरस्त्यावरच्या गावात ‘वाइन शॉप’ची पाटी दिसते, आतल्या फळ्या मात्र बहुतेक व्हिस्की-बिअरने भरलेल्या. पांढरी वाइन मागितली, तर आधी लेबल वाचा.

द्राक्ष : दाट, मऊ चवीसाठी ‘शार्दने’ पहिली पसंती, सुगंध हवा असल्यास ‘व्हिओनिए’. ‘सोव्हिन्यों ब्लां’ आंबटसर, हलकी असते.

साय येते कुठून? : वाइनमध्ये दूध नसते. द्राक्षरसातले, कच्च्या सफरचंदासारखे तीक्ष्ण मॅलिक आम्ल जिवाणू सौम्य लॅक्टिक आम्लात बदलतात, तेच दह्यातले आम्ल. या क्रियेत तयार होणाऱ्या डायअसिटाइलमुळे लोण्याचा वास येतो. यीस्टच्या गाळावर मुरल्याने दाटपणा येतो, तर ओकच्या पिंपामुळे व्हॅनिलाची छटा.

लेबलवर शोधा : ‘ओक’ किंवा ‘बॅरल’. नुसत्या ‘रिझर्व्ह’वर विसंबू नका.

जवळची : शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, अकलूज परिसरातली ‘फ्रातेल्ली’ वाइनरी शार्दने बनवते. दुकानात नसेल तर मागवून मिळेल का, विचारा.

बाटली तपासा : उन्हात किंवा तापलेल्या काचेमागे ठेवलेली नको. द्राक्षहंगामाचे वर्ष शक्यतो अलीकडचे असावे.

पिताना : 10 ते 13 अंश सेल्सिअस. बर्फगार केली की चव मिटते. सोबत मलई पनीर किंवा सौम्य कोंबडी. काळ्या मसाल्याच्या झणझणीत रश्श्याशी तिचे जुळत नाही.

नियम : महाराष्ट्रात वाइनसाठी किमान वय 21 वर्षे, मद्यसेवन परवानाही लागतो.