मामाची टेइस्को आणि कापलेली वायर

[एपिसोडचं शब्दांकन. बोलताना माझं जे सतत ‘म्हणजे… म्हणजे…’ होतं, ते वाचणाऱ्यांवर दया करून काढलंय.]

[गिटारची एक तार, आणि तिच्यामागे घुंऽऽ अशी गुणगुण]

आत्ता ऐकलीत ती गुणगुण तुमच्या इअरफोनमधली नाही, फोन आपटू नका. तो मामांच्या गिटारचा आवाज आहे, मी तिला हात लावण्याआधी रेकॉर्ड केलेला. आज त्या गिटारबद्दल बोलू. ती कशी चालू केली, काय बदललं आणि कुठे मी माती खाल्ली.

मामा मिरजेचे. ऐंशीच्या दशकात ते ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. गणपती, जत्रा, लग्नाचं रिसेप्शन, जिथे बोलावतील तिथे. त्यांची गिटार जपानी, टेइस्को कंपनीची. १९८१ मध्ये मुंबईतल्या एका वादकाकडून जुनीच विकत घेतलेली. टेइस्को १९४६ मध्ये सुरू झाली आणि १९६७ मध्ये कावाईने ती घेतली. त्या काळात या स्वस्तातल्या गिटार होत्या. त्यांचे पिकअप सोनेरी पत्र्याचे, लोक त्यांना ‘गोल्ड फॉइल’ म्हणतात. पुढे राय कूडरसारख्या वादकाने असा पिकअप काढून आपल्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये बसवला आणि जग या ‘स्वस्त मालाच्या’ मागे लागलं. मामांना यातलं काही माहीत नव्हतं. गिटार पंचवीस-तीस वर्षं माळ्यावर, जुन्या चादरीत गुंडाळलेली.

मी ती पुण्याला आणली, कारण मामांना परत वाजवायचं होतं. त्यांना मधुमेह आहे आणि डाव्या हाताच्या बोटांची टोकं बधिर झालीत. ते म्हणाले, “तार दाबली जात नाही रे. तू इंजिनियर आहेस, बघ की काय होतंय का.” मी कोड लिहितो मामा, गिटार नाही, हे सांगायचं राहूनच गेलं.

पहिल्याच रविवारी मी माती खाल्ली ती अशी. गिटारच्या वरच्या कडेला, वाजवताना वादकाला दिसेल अशा जागी, पिवळ्या पडलेल्या सेलोटेपखाली कागदाची एक पट्टी होती. त्यावर निळ्या शाईत ‘का १’, ‘पां ४’, ‘का २’ असं काहीतरी. मला वाटलं, दुकानदाराचा मालाचा कोड असेल. कापसावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेतलं आणि पाच मिनिटांत लाकूड चकाचक. आतल्या वायरिंगचे मी बावीस फोटो काढले होते. त्या पट्टीचा एकही नाही.

संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर मामांनी विचारलं, “वरची पट्टी कुठाय?”

ती गाण्यांची यादी होती. कुठलं गाणं कुठल्या पट्टीत. हार्मोनियम शिकलेल्यांना कळेल: ‘पांढरी एक’ म्हणजे सी, ‘काळी एक’ म्हणजे सी शार्प, ‘पांढरी चार’ म्हणजे एफ. ऑर्केस्ट्रातला गायक स्टेजवर नुसतं “काळी एक” म्हणायचा आणि वादकाने तिथून सुरू व्हायचं. मामा मला काही बोलले नाहीत. “असू दे” म्हणाले आणि मामीला चहा टाकायला सांगितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी स्वतःला एक नियम घातला. ऑफिसमध्ये जुन्या कोडमध्ये विचित्र ओळ दिसली की आपण ती लगेच उडवत नाही. कोणी लिहिली, कशासाठी लिहिली, ते आधी बघतो. गिटारलाही तेच. विचित्र दिसलं की आधी मामांना फोन.

आता त्या गुणगुणीकडे येऊ. पिकअप म्हणजे काय, तर लोहचुंबक आणि त्याभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. स्टीलची तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज तयार होते. पण हेच वेढे घरातल्या वायरिंगची ५० हर्ट्झची गुणगुणही पकडतात. शिवाय आपलं शरीर अँटेनासारखं वागतं आणि ती गुणगुण गिटारपर्यंत आणून पोहोचवतं. म्हणून गिटारमध्ये तारांपासून आतल्या अर्थपर्यंत एक वायर असते. तारांना हात लागला की शरीर अर्थला जोडलं जातं आणि आवाज कमी होतो. तुमच्या गिटारची गुणगुण तारांना हात लावल्यावर कमी होत असेल, तर ती वायर शाबूत आहे.

मामांच्या गिटारची होत नव्हती. मागचं झाकण उघडलं तर ती वायर तुटलेली. तुटलेली कसली, कापलेली. पक्कडीने, स्वच्छ. टोकाला चिकटपट्टी गुंडाळलेली.

नियमाप्रमाणे फोन. मामा हसायला लागले. “मीच कापली. जत्रेत माइकला ओठ लागला की असा झटका बसायचा, दात हलायचे!”

नीट समजून घ्या, हे महत्त्वाचं आहे. तारा त्या वायरने अर्थला, तिथून केबलच्या जाळीला, तिथून अँप्लिफायरच्या लोखंडी पेटीला जोडलेल्या असतात. जत्रेत मांडवाचं वायरिंग कसं असायचं? अँप्लिफायरला दोनच पिनांचा प्लग, अर्थिंगचा पत्ता नाही. माइकची सिस्टिम दुसऱ्या बोर्डावर. अँप्लिफायरच्या पेटीत वीज उतरलेली असेल आणि हात तारांवर असताना ओठ माइकला लागला, तर मधला दुवा म्हणजे तुम्ही. अशाने माणसं दगावू शकतात. मामांनी वायर कापली आणि गुणगुण पत्करली. मला जो बिघाड वाटत होता, ती त्यांनी केलेली दुरुस्ती होती.

मग मी काय केलं? घरातल्या सॉकेटचं अर्थिंग तपासलं, मेन बोर्डवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे याची खात्री केली. मग वायर परत जोडली, पण सरळ नाही. मध्ये २२० किलोओहमचा रेझिस्टर आणि त्याला समांतर ०.०१ मायक्रोफॅरडचा, जास्त व्होल्टेज झेपणारा कपॅसिटर. गुणगुण त्यातून निघून जाते. पण समजा २३० व्होल्ट आलेच, तर या वाटेने सव्वा मिलिअँपिअरच्या आसपासच जातील. झिणझिण्या येतील, दात हलणार नाहीत. ही काही कवचकुंडलं नव्हेत, जॅकचा पत्रा अजून थेट अर्थला आहे. खरी सुरक्षा भिंतीतल्या अर्थिंगमध्ये असते. पण घरी वाजवायला एवढं पुरे.

दोनपैकी एक पिकअप मुका होता. मल्टिमीटर लावला तर सर्किट उघडं. खरं सांगतो, तोवर मी एक हंबकर ऑर्डर करून बसलो होतो. हंबकर म्हणजे दोन कॉइलचा पिकअप, गिब्सनमध्ये सेथ लव्हरने बनवलेला, १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केलेला. दोन कॉइल उलट गुंडाळलेले आणि चुंबकही उलट, त्यामुळे तारेचा आवाज एकमेकांत मिळतो आणि गुणगुण एकमेकांना खोडते. आयडिया एक नंबर. पण तो इथे बसवायचा तर लाकूड कोरावं लागणार, आणि कोरलेलं लाकूड परत येत नाही. मी भिंग लावून बघितलं. बारीक तार बाहेरच्या जाड वायरला जिथे जोडतात, तिथे तुटली होती. बहुतेक वेळा तिथेच तुटते, आणि आतले वेढे ठणठणीत असतात. एक वेढा सोडवला, टोकावरचं इन्सुलेशन हलकं खरवडलं, डाग दिला. हात इतका थरथरत होता की तिसऱ्या प्रयत्नात जमलं. मीटरवर साडेसहा किलोओहम दिसल्यावर मी एकटाच टाळ्या वाजवल्या. हंबकर परत पाठवला.

बाकीचं पटकन सांगतो. करकरणाऱ्या व्हॉल्यूमच्या पॉटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारून ते तीस-चाळीस वेळा फिरवलं, करकर गेली. पट्ट्याच्या बटणाचं भोक ढिलं झालं होतं, त्यात काडेपेटीची काडी आणि फेव्हिकॉल. रंग उडालाय तिथे काहीही केलं नाही. फेंडरचं कस्टम शॉप १९९५ पासून नव्या गिटार मुद्दाम झिजवून महाग विकतंय, आपली फुकटात झिजलीय.

आता मूळ दुखणं, तारा दाबणं. बाराव्या फ्रेटपाशी तार फ्रेटच्या साडेतीन मिलिमीटर वर होती. दीड ते दोन असली तर बोटांना सुख. आधी ट्रस रॉड, म्हणजे मानेतली लोखंडी सळई. तिचा नट एका वेळी पाव फेराच फिरवायचा आणि मग थांबून बघायचं. जोर लावलात तर मान कामातून गेली. मान सरळ झाली तरी तारा उंचच, आणि ब्रिज आणखी खाली जाईना. अशा वेळी लोक ब्रिज कापतात. त्यापेक्षा सोपं म्हणजे चार स्क्रू काढून मान सुटी करायची आणि तिच्या खाचेत, शरीराकडच्या टोकाला, व्हिजिटिंग कार्डाचे दोन तुकडे ठेवायचे. मान मागे कलते. साधी भूमिती आहे: खाचेतला अर्धा मिलिमीटर ब्रिजपाशी दीडच्या पुढे जातो. माझं ऑफिसचं कार्ड पहिल्यांदाच कोणाच्या तरी कामी आलं.

तारा ११ नंबरच्या काढून ९ च्या घातल्या. त्याच सुरासाठी लागणारा ताण तारेच्या जाडीच्या वर्गावर ठरतो. नऊ भागिले अकराचा वर्ग काढा: पहिल्या तारेचा ताण एक तृतीयांश कमी. वर मी शहाणपणा केला आणि सगळ्या तारा अर्ध्या स्वराने उतरवल्या. आणखी अकरा टक्के कमी. हे मामांना सांगितलं नाही.

तार खाली आली आणि नवं लफडं सुरू झालं. चौथ्या फ्रेटवर दाबलं की झर्र. सहसा पहिले तीन फ्रेट जास्त झिजतात, कारण नवशिके तिथेच असतात. इथे चौथ्यावर खोल खाचा, आणि दाबलेली तार पाचव्याला घासत होती. चौथाच का? मी कागदावर मांडून बघितलं. काळी एकमधलं गाणं घेतलं तर मुख्य कॉर्ड सी शार्प चौथ्या फ्रेटवर बार धरून लागते. त्याच गाण्यातली जी शार्पसुद्धा चौथ्यावरच. सहाव्यावर त्याहून थोडी कमी झीज, तिथे डी शार्प, म्हणजे काळी दोन. मी पुसलेली पट्टी अर्धीमुर्धी फ्रेटवर लिहिलेली होती.

नेहमीचा उपाय म्हणजे सगळे फ्रेट त्या खाचेच्या पातळीपर्यंत घासायचे. ते मला नको होतं. गिटार घेऊन मिरजेलाच गेलो, सतारी बनवणाऱ्या एका कारागिराकडे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालंय, तुम्ही ऐकलं असेल. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, सरकवता येतात. गिटारचे खाचेत ठोकलेले. त्यांनी ती झर्र ऐकली आणि म्हणाले, “ही तर जवारी आहे. आम्ही हीच आणायला आठ-आठ दिवस घोडी घासतो, आणि तुम्हाला नको?” तंबोऱ्याची तार घोडीच्या वक्र पाठीला हलकीच घासते, त्यातून तो भरलेला झंकार येतो. भौतिकशास्त्र तेच. फक्त आमच्याकडे तो बग आहे आणि त्यांच्याकडे फीचर.

त्यांनी फक्त चौथा फ्रेट गरम करून हळूच उपटला. मी नेलेल्या फ्रेटच्या तारेतून तुकडा कापून बसवला, वरून मार्करने काळा केला आणि कानसने शेजाऱ्यांच्या उंचीला आणला. शाई कुठे उरते त्यावरून उंची कळते. जुना फ्रेट काडेपेटीत घालून माझ्या हातात दिला.

तिथून थेट मामांकडे. त्यांनी गिटार मांडीवर घेतली, वरच्या कडेकडे एकदा बघितलं, तिथे काही नव्हतं. मग न बघता चौथ्यावर बार धरला आणि हात फिरवला.

[कॉर्डचा आवाज. गुणगुण नाही.]

मामा थांबले. “ही पांढरी एक झाली की रे!”

बधिर झाली होती ती बोटं, कान नव्हेत. मी उतरवलेला अर्धा स्वर त्यांनी एका फटक्यात पकडला. काय केलं आणि का केलं, ते सांगितलं. ते म्हणाले, “चढव. दाबतो मी.”

सहाही तारा चढवल्या. मामा दहा मिनिटं वाजवत होते, मध्ये दोनदा बोटं चोळून. काडेपेटी त्यांच्या शर्टाच्या खिशात होती. त्या दहा मिनिटांतलं जेवढं फोनवर रेकॉर्ड झालं तेवढं आता लावतो. शेवटी आवाज येतो तो मामीच्या कुकरचा.

[मामांची गिटार, काळी एक]