दुसऱ्या सूर्यांचे ग्रह: पाहायचे कुठून, कसे?

ईदचा चांद शोधताना क्षितिजावरच्या धुरकट हवेला आपण सगळेच वैतागतो. पण चांद निदान दिसतो तरी. दूरच्या ताऱ्यांभोवती फिरणारे ग्रह बहुधा दिसतच नाहीत. ताऱ्याच्या झगमगाटात ते हरवून जातात. म्हणून नजर ताऱ्यावर ठेवायची आणि ग्रहाचा माग काढायचा.

ग्रह आपल्या ताऱ्याला किंचित हलवतो आणि ती हालचाल प्रकाशाच्या वर्णपटात उमटते. मिशेल मायोर आणि दिदिए केलो यांनी १९९५ साली फ्रान्समधील वेधशाळेतून याच रीतीने ‘५१ पेगासी’चा ग्रह शोधला. त्याचे वर्ष अवघे सव्वाचार दिवसांचे!

दुसरी रीत ग्रहणाची. गुरूएवढा ग्रह सूर्यासारख्या ताऱ्यासमोरून गेला, तर उजेड सुमारे १ टक्का घटतो. तेवढे टिपायला अवाढव्य दुर्बीण लागत नाही. १९९९ मध्ये डेव्हिड शार्बनो यांनी अमेरिकेत जेमतेम १० सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून असे ग्रहण नोंदवले. आमच्या कॉलेजांनी हे जरूर ध्यानात घ्यावे.

पृथ्वीएवढ्या ग्रहाचे मात्र अवघड आहे. तिथे उजेड सुमारे १२ हजारांत एक भाग घटतो आणि तारे लुकलुकवणारी आपली हवा तेवढा फरक सहज गिळून टाकते. म्हणून २००९ मध्ये केप्लर दुर्बीण अंतराळात पाठवली. शिवाय पृथ्वीसारखी कक्षा नेमकी आपल्या दृष्टिरेषेत येण्याची शक्यता २०० ताऱ्यांत एखाद्याचीच. एकेक तारा पाहत बसलो तर आयुष्य सरेल! केप्लरने डेनेब आणि व्हेगा यांच्या परिसरातील एकच तुकडा निवडून चार वर्षे दीड लाख ताऱ्यांवर नजर ठेवली. (ही दोन्ही नावे अरबी आहेत, डेनेब म्हणजे ‘ज़नब’, शेपूट.)

पण ग्रहणातून ग्रहाचा आकार कळतो, वजन नाही. वजनासाठी पुन्हा जमिनीवर, पहिल्या रीतीकडे यावे लागते, आणि इथे आपला देशही आहे. केप्लरने टिपलेल्या एका ग्रहणाचा पाठपुरावा अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेने माउंट अबूच्या गुरुशिखरावरून केला. दुर्बीण १.२ मीटरची, तारा सुमारे ६०० प्रकाशवर्षे दूर. २०१८ मध्ये उत्तर जाहीर झाले: ग्रह पृथ्वीच्या सुमारे सहापट रुंद, २७ पट जड, आणि त्याची एक फेरी साडेएकोणीस दिवसांची.