ओला कचरा आणि घरचे खत

स्वयंपाकघरात निवडलेल्या भाजीचे देठ, वाचून झालेले वर्तमानपत्र आणि औषधाची रिकामी बाटली या तीन वस्तू निरनिराळ्या ठेवल्या, तर प्रत्येकीचा काही उपयोग होतो. देठांचे खत होते, वर्तमानपत्र रद्दीच्या दुकानात विकले जाते आणि बाटली वितळवून तिची पुन्हा काच करता येते. त्याच तीन वस्तू एका डब्यात टाकून रात्रभर ठेवल्या म्हणजे कागद भिजतो, बाटली बरबटते आणि देठांत काचेचे तुकडे मिसळतात. मग त्यांपैकी एकीचाही उपयोग करणे सोपे राहत नाही. उपयोगी वस्तूंचा कचरा होतो तो बहुधा अशा मिसळण्यामुळे.

आपल्या देशातील शहरांत जो कचरा गोळा होतो, त्याच्या वजनाचा सुमारे निम्मा भाग देठांचा, सालींचा आणि उष्ट्या-खरकट्याचा, म्हणजेच ओल्या व कुजणाऱ्या पदार्थांचा असतो. हा भाग घरातच वेगळा राहिला व घरातच जिरला, तर उरलेल्या कोरड्या भागाची व्यवस्था लावणे पुष्कळच सुलभ होते. तो वेगळा का ठेवावा आणि त्याचे खत घरच्या घरी कसे करावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

कचऱ्याचे डोंगर

मुंबईतील देवनार येथे १९२७ पासून शहराचा कचरा टाकला जाऊ लागला. जानेवारी २०१६ च्या अखेरीस तेथे आग लागली आणि ती विझविण्यास कित्येक दिवस लागले. धुरामुळे आसपासच्या वस्तीत श्वास घेणे कठीण झाले व काही शाळा बंद ठेवाव्या लागल्या. १ सप्टेंबर २०१७ रोजी पूर्व दिल्लीतील गाझीपूर येथे कचऱ्याच्या डोंगराचा एक भाग कोसळला व दोन माणसे प्राणास मुकली. २ मार्च २०२३ रोजी कोचीजवळील ब्रह्मपुरम येथे कचऱ्याने पेट घेतला. ती आग पूर्णपणे शमण्यास दहा दिवसांहून अधिक काळ लागला.

अशा आगीत प्लॅस्टिक, कापड व कागद जळतात, हे कोणाच्याही ध्यानात येते. परंतु ढिगाला आतून धुमसत ठेवणारा एक वायू ओल्या कचऱ्यातून निर्माण होत असतो, हे सहसा ध्यानात येत नाही. तो कसा निर्माण होतो हे समजण्यासाठी कुजणे म्हणजे काय, ते प्रथम पाहिले पाहिजे.

कुजण्याचे दोन मार्ग

भाजीची साल कुजते, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे असंख्य जिवाणू व बुरशी तिच्यावर आपला उदरनिर्वाह करतात. या सूक्ष्म जीवांचे ढोबळ मानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील जीवांना आपल्याप्रमाणेच हवेतील प्राणवायू लागतो. ते सालीतील पदार्थांचे मंद ज्वलन घडवून आणतात. त्यातून कार्बन डाय-ऑक्साइड, पाणी व उष्णता बाहेर पडते आणि मागे काळसर, भुसभुशीत पदार्थ उरतो. पावसाळ्यानंतर रानात झाडाखालची माती हातात घेतली असता जो गोड मातकट वास येतो, तोच या पदार्थाला येतो. यालाच खत म्हणावयाचे.

दुसऱ्या वर्गातील जीव प्राणवायूवाचून जगतात. कचऱ्याचा ढीग उंच झाला, वरच्या भाराने दाबला गेला आणि त्यात पावसाचे पाणी मुरले, म्हणजे आतील भागास हवा मिळेनाशी होते. मग पहिला वर्ग मागे पडतो व दुसऱ्याचे राज्य सुरू होते. त्यांच्या व्यापारातून दुर्गंधी पसरविणारी संयुगे व मिथेन हा वायू निर्माण होतो. खोल ढिगातून निघणाऱ्या वायूत मिथेनचे प्रमाण साधारणतः निम्म्याच्या आसपास असते. हा वायू ज्वालाग्राही आहे. घरोघरी बसविलेल्या गोबर-वायूच्या चुलीत जो जळतो तो हाच. चुलीत तो अन्न शिजवितो, ढिगात मात्र तो आग लावण्यास व ती टिकविण्यास मदत करतो. शिवाय वातावरणात उष्णता रोखून धरण्याची त्याची शक्ती, शंभर वर्षांचा हिशेब धरल्यास, तेवढ्याच वजनाच्या कार्बन डाय-ऑक्साइडच्या सुमारे २८ पट भरते.

म्हणजे साल तीच, परंतु तिला हवा मिळाली तर तिचे खत होते आणि हवा मिळाली नाही तर तिच्यापासून दुर्गंधी व मिथेन निघतो. घरी खत करण्याच्या सर्व कृतींचे मर्म, कुजणाऱ्या पदार्थास हवा मिळत राहील अशी तजवीज करणे, एवढेच आहे.

इंदूरची पद्धती

या विषयाचा शास्त्रीय अभ्यास भारतातच मोठ्या प्रमाणावर झाला. आल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ साली बिहारमधील पुसा येथील कृषिसंशोधन संस्थेत दाखल झाले. पुढे १९२४ साली इंदूर येथे वनस्पतिविषयक संशोधनाची एक संस्था स्थापन झाली व तिचे संचालक म्हणून त्यांनी १९३१ पर्यंत काम केले. शेतातील काडीकचरा, गुरांचे शेण, गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर रचून, ते ओलसर ठेवून व ठरावीक काळाने तीन वेळा उलटून, सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत तयार होते, असे तेथील प्रयोगांत सिद्ध झाले. शेतातील टाकाऊ पदार्थ व त्यांचे खत यांवरील त्यांचा ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला. त्यावर हॉवर्ड यांच्याबरोबर त्यांचे सहकारी यशवंत वाड यांचेही नाव आहे. हीच पद्धती पुढे ‘इंदूर पद्धती’ या नावाने जगभर ओळखली जाऊ लागली.

पूर्वी शेतकरी खत करीत नसे, असे नव्हे. गावोगाव उकिरडे होतेच. परंतु उकिरड्यात पडेल ते पडत असे आणि होईल तेव्हा होत असे. थर कशाचे, किती जाडीचे, ओल किती आणि ढीग उलटावयाचा केव्हा, हे इंदूरच्या प्रयोगांनी निश्चित केले. घरच्या लहानशा डब्यासही हेच नियम लागू पडतात.

कर्ब व नत्र यांचा मेळ

सूक्ष्म जीवांना दोन मूलद्रव्यांची मुख्यत्वे गरज असते. कर्ब म्हणजे कार्बन, तो त्यांचे इंधन होय. नत्र म्हणजे नायट्रोजन, त्यापासून त्यांच्या शरीरातील प्रथिने बनतात. नत्राच्या एका भागास कर्बाचे सुमारे तीस भाग, हे प्रमाण त्यांना सर्वांत मानवते. भाजीपाल्याच्या ओल्या कचऱ्यात नत्र अधिक व पाणी फार असते, तर वाळलेली पाने, नारळाचा काथ्या, लाकडाचा भुसा यांत कर्ब अधिक असतो. नुसता ओला कचरा डब्यात भरला, तर तो चिकट होऊन बसतो, हवा कोंडते व जास्तीचा नत्र अमोनियाच्या रूपाने नाकाला झोंबू लागतो. उलट नुसती वाळलेली पाने ठेवली, तर ती वर्षभरही तशीच राहतात. दोहोंच्या मिश्रणाने कर्ब व नत्र यांचा मेळ बसतो, पाणी शोषले जाते आणि पानांमधील पोकळीतून हवा खेळती राहते.

घरातील कृती

एक जुनी बादली किंवा मातीचे मोठे मडके घ्यावे. त्याच्या तळाला व बाजूंना बोटाएवढी भोके पाडावीत आणि ते दोन विटांवर ठेवावे, म्हणजे खालूनही हवा मिळेल. तळाशी वाळक्या पानांचा वीतभर थर द्यावा. त्यावर दररोजचा ओला कचरा बारीक चिरून पसरावा आणि तो दिसेनासा होईल इतकी चुरलेली वाळकी पाने त्यावर घालावीत. एक माप ओल्या कचऱ्यास एक ते दोन मापे पाने, असे प्रमाण ठेवावे. आरंभी मूठभर तयार खत, बागेतील माती किंवा थोडे शेणपाणी विरजणासारखे घालावे. आवश्यक ते जीव त्यातूनच येतात. आठवड्यातून एकदोनदा काठीने ढवळावे व पावसाचे पाणी आत जाणार नाही असे झाकण ठेवावे.

चहाचा चोथा, फळांच्या साली, देवापुढील निर्माल्य, चुरलेली अंड्याची टरफले हे सर्व चालते. तेलकट पदार्थ, मांस, मासळी व हाडे घरच्या लहान डब्यात घालू नयेत, कारण त्यांमुळे घाण सुटते व उंदीर येतात. निर्माल्यातील दोरा व जर काढून टाकावी.

इंदूरच्या मोठ्या ढिगाचे तापमान ६० अंश सेल्सिअसच्या आसपास चढते. घरच्या डब्याचे आकारमान लहान असल्याने त्यातील उष्णता लवकर निसटते व तो केवळ कोमट होतो. त्यामुळे डबा भरल्यानंतर दोन ते तीन महिने तो तसाच राहू द्यावा व दुसरा वापरावयास घ्यावा. सदनिकेत राहणाऱ्या कुटुंबास सज्जाच्या कोपऱ्यात असे दोन डबे सहज ठेवता येतात.

डब्यात काही बिघाड झाला, तर त्याचे कारण बहुधा वासावरून व स्पर्शावरून ओळखता येते. सडका वास आला, तर ओल अधिक व हवा कमी झाली असे समजावे. पाने घालून ढवळावे. मुंग्या झाल्या, तर मिश्रण कोरडे पडले आहे. थोडे पाणी शिंपडावे. मूठभर मिश्रण दाबले असता हात ओलसर व्हावा, परंतु पाणी टपकू नये, ही योग्य ओलीची खूण होय. चिलटे झाली, तर वरचा पानांचा थर जाड करावा.

एका घराचा हिशेब

एखाद्या कुटुंबात दररोज अर्धा किलो ओला कचरा निघतो, असे धरू. वर्षाचे सुमारे १८० किलो झाले. भाजीपाल्याच्या कचऱ्यात पाच भागांपैकी चार भाग पाणीच असते. म्हणजे कोरडा पदार्थ अवघा ३६ किलो. त्यातील निम्मा कुजण्याच्या क्रियेत वायुरूप होऊन गेला, तर १८ किलो उरतो आणि स्वाभाविक ओलीसह त्याचे खत ३० किलोंच्या आसपास भरते. एरवी हे १८० किलो ओझे गाडीत भरून, इंधन जाळून, शहराबाहेर न्यावे लागले असते. आणि त्याचा मोठा भाग म्हणजे निव्वळ पाणी!

या हिशेबातील आकडा आणखी कमी करता येतो. जेवढे खपेल तेवढेच शिजविणे हा पहिला उपाय. दुसरा उपाय आपल्या पाकपरंपरेतच आहे. महाराष्ट्रात दोडक्याच्या शिरांची चटणी होते. बंगालमध्ये दुधी भोपळ्याच्या साली बारीक चिरून परततात. जे पोटात जाते त्याचे खत करण्याची गरजच उरत नाही.

घरापासून शहरापर्यंत

एकेका घराच्या प्रयत्नाने शहरात काय फरक पडणार, अशी शंका येणे साहजिक आहे. केरळमधील अलप्पुळा हे तिचे उत्तर होय. तेथील कचरा शेजारच्या सर्वोदयपुरम येथे टाकला जात असे. त्या भागातील लोकांनी विरोध केल्यामुळे २०१२ साली शहरापुढे पेच उभा राहिला. तेव्हा नगरपालिकेने घरोघरी नळीतील खत व लहान गोबर-वायू संयंत्रे यांचा प्रसार हाती घेतला. ओला कचरा जेथे निर्माण होतो तेथेच जिरवावा, हे त्या योजनेचे सूत्र होते. २०१७ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण कार्यक्रमाने या शहराची आदर्श म्हणून नोंद घेतली. केंद्र शासनाच्या २०१६ च्या नियमांनीही ओला, सुका व घातक कचरा घरातच वेगळा करणे हे नागरिकांचे कर्तव्य ठरविले.

या कामाशी काही माणसांच्या हातांचाही संबंध आहे. पुण्यात १९९३ साली कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी राहिली. या कष्टकऱ्यांची उपजीविका सुक्या कचऱ्यावर चालते. खरकट्यात मिसळलेला कागद त्यांना कवडीमोलाने विकावा लागतो आणि कुजक्या भाजीत दडलेली काच त्यांची बोटे कापते. ओला कचरा वेगळा ठेवणाऱ्या घरातून त्यांच्या हाती कोरडा कागद व अखंड बाटली येते. त्या घराच्या दारातील तुळशीला तीन महिन्यांनी मूठभर काळे खत मिळते, आणि शहराबाहेरच्या डोंगरावर त्या घराचे ओले ओझे चढत नाही.