'इफ'च्या पुढचा शब्द नीट वाचा! ऊसबिल, लाइट आणि जामीनकी याच शब्दांवर अडते

श्रीपूर (ता. माळशिरस) : बँकेचा मेसेज, विम्याचा कागद, लाइट तोडण्याची धमकी, पोराचं नोकरीचं पत्र. यातलं बरंचसं आजही इंग्रजीतच येतं. त्यातले मोठे शब्द आता ओळखीचे झालेत. अकाउंट, पेमेंट, ड्यू, ब्लॉक हे कुणालाही कळतं. घोटाळा होतो तो मधल्या बारक्या शब्दांनी. इफ, अनलेस, विल, मे, वुड, शॅल.

मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी 2000 साली आलं. त्याआधी शिकलेल्यांची इंग्रजीशी गाठ पाचवीत पडली. बारावीच्या इंग्रजीत 'अनलेस वापरून वाक्य पुन्हा लिहा' असा प्रश्न असतो आणि तो मार्कांपुरता सोडवला जातो. पुढं कागदावर सही करायची वेळ येते तेव्हा तोच प्रश्न परत समोर येतो, आणि तिथं मार्क नव्हे, पैसे जातात.

आधी आपल्या बोलण्याकडं बघू. आपण म्हणतो, "कॅनॉलला पाणी सुटलं तर लागण करू." पाणी अजून सुटलेलं नाही, तरी 'सुटलं' असं झाल्यासारखं बोलतो. मराठीत ते बरोबर आहे. इंग्रजीत मात्र इथं साधा वर्तमानकाळ लागतो : "इफ दे रिलीज वॉटर, वुइ विल प्लँट." पुढचं बोलायचंय म्हणून पोरं 'इफ दे विल रिलीज' लिहितात, तिथं चुकतं. 'विल' दुसऱ्या अर्ध्या भागात येतो, 'इफ'च्या भागात सहसा नाही.

आता मराठीसारखंच झालेलं रूप घातलं तर काय होतं? "इफ दे रिलीज्ड वॉटर, वुइ वुड प्लँट." ऐकणारा समजतो, ह्याला पाणी सुटायची फारशी आशा दिसत नाही. म्हणजे "सुटतंय कसलं, पण सुटलंच तर केली असती लागण" असा सूर. आणि वेळ निघून गेली असेल तर "इफ दे हॅड रिलीज्ड वॉटर, वुइ वुड हॅव प्लँटेड." हे थेट आपलं "पाणी सुटलं असतं तर लागण केली असती." शाळेत मराठीच्या व्याकरणात संकेतार्थ शिकवला होता, तो हाच. तेव्हा आशा आहे, आशा कमी आहे की वेळ गेली आहे, हे इंग्रजीत क्रियापदाच्या रूपावर आणि 'विल-वुड'वर ठरतं. 'इफ' तिन्हीकडं तोच राहतो.

म्हणून मेसेज वाचताना 'इफ'वर थांबू नका, पुढं जा. 'विल' म्हणजे होणार. 'मे' म्हणजे होऊ शकतं. 'माइट' म्हणजे झालं तर झालं. "इफ केवायसी इज नॉट अपडेटेड, युवर अकाउंट मे बी ब्लॉक्ड" याचा अर्थ खातं बंद झालं असा नाही, बंद होऊ शकतं असा आहे. घाबरून मेसेजमधली लिंक दाबायची गरज नाही. पासबुक घेऊन शाखेत जायचं. उलट बाजूनं, अर्जाच्या उत्तरात "द कमिटी मे अप्रूव्ह" असं आलं म्हणून पेढे वाटू नयेत. मंजूर करणं कमिटीच्या मर्जीवर आहे, एवढंच त्यात म्हटलंय.

श्रीपूर कारखान्याचं गाव, म्हणून उसाचं उदाहरण घेऊ. ऊसबिलाचा नियम 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर त्या दिवसांचं वर्षाला 15 टक्के दरानं व्याज. हे सगळ्यांना पाठ आहे. भाषणात, मोर्चात हेच ऐकायला मिळतं. पण त्या इंग्रजी वाक्याच्या मध्येच एक 'अनलेस' बसलाय. उत्पादकानं 14 दिवसांत पैसे दिलेच पाहिजेत, दोघांमध्ये वेगळा लेखी करार नसेल तर. हे 'नसेल तर' म्हणजे तो 'अनलेस'. तसा करार असेल तर पैसे करारात ठरल्याप्रमाणे. ऊस नोंदीच्या वेळी पाच-सात कागद एकदम पुढं येतात. त्यातल्या एखाद्यावर हप्त्यानं पैसे घ्यायला संमती लिहिलेली असेल आणि खाली सही झाली, तर 14 दिवसांचं भांडण तिथंच कमजोर होतं. कागद मराठीत असो वा इंग्रजीत, 'संमती', 'हप्ता', 'करारानुसार' हे शब्द आधी शोधायचे. टोळी बांधावर उभी असताना वाचत बसायला कुणाला वेळ असतो, हे खरं. पण नोंद टोळी येण्याच्या कितीतरी आधी होते, तेव्हा वेळ असतो.

'अनलेस'ची आणखी एक गोची. आपण म्हणतो, "जोपर्यंत पैसे भरत नाही तोपर्यंत दाखला मिळणार नाही." दोन्हीकडं 'नाही'. म्हणून 'अनलेस यू डोंट पे' असं लिहिलं जातं, आणि अर्थ उलटा होतो. 'अनलेस'च्या पोटात एक 'नाही' आधीच आहे. "अनलेस यू पे" एवढंच पुरे.

'शॅल' हा शब्द बोलताना गरीब आहे. "शॅल वुइ गो?" म्हणजे "जायचं का?" कायद्याच्या कागदावर मात्र तोच 'करावंच लागेल' होतो. ऊसबिलाच्या वाक्यात 'शॅल' आहे. जामीनकीच्या कागदावरही असतो : "इफ द बॉरोअर फेल्स टु पे, द गॅरंटर शॅल पे." पाहुण्याच्या ट्रॅक्टरसाठी सही करताना "नुसतं नाव द्यायचंय" असं सांगितलं जातं. 1872 च्या करार कायद्यात, कलम 128 मध्ये, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच धरली आहे. तिथंही पुढं 'अनलेस' आहे : करारात वेगळं काही ठरलं नसेल तर. म्हणजे 50 हजारांपुरताच जामीन राहायचं असेल तर तसं सहीच्या आधी कागदावर लिहून घ्यावं लागतं. आधी कर्जदाराच्या मागं लागून दमल्यावरच जामीनदाराकडं यायचं, असं बंधनही बँकेवर नाही.

चोरांनाही हे शब्द चांगले कळतात. 2022 च्या सुमारास लाइट बिलाचा एक मेसेज गावोगाव फिरला. आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा. इंग्रजीत 'विल बी डिस्कनेक्टेड'. 'मे' नाही, 'अनलेस' नाही, मुदत नाही. खरा नियम असा बोलत नाही. 2003 च्या वीज कायद्यातलं कलम 56 सांगतं की बिल थकलं तर वीज तोडता येते, पण आधी किमान 15 पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. खऱ्या वाक्याला 'जर', 'नंतर', 'मुदत' असे अडसर असतात. धमकीला ते नसतात. असल्या मेसेजला भुलून पैसे गेलेच तर लगेच 1930 या हेल्पलाइनवर फोन लावायचा, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.

बोलण्यातला 'वुड' वेगळाच. "वुड यू प्लीज वेट?" यात भूतकाळ काहीच नाही. आपण "थांब" न म्हणता "जरा थांबाल का?" म्हणतो, तसा तो मान देणारा 'वुड'. 'कॅन यू'पेक्षा 'कुड यू' मऊ, तेही त्यामुळंच. कस्टमर केअरची बाई "इफ यू वुड लाइक टु नो मोर, प्रेस वन" म्हणते, तिथं 'इफ'च्या भागात 'वुड' आला तरी चूक नाही. अर्जात "आय वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड सँक्शन माय लीव्ह" लिहिलं की साहेबांना "उपकार होतील" असं ऐकू येतं.

आयटीआय किंवा डिप्लोमा करून पुण्याला, बारामतीला मुलाखतीला जाणाऱ्या पोरांना हा 'वुड' हमखास भेटतो. "व्हॉट वुड यू डू इफ द मशीन स्टॉप्ड?" मशीन बंद पडलेलं नसतं. समजा पडलं तर काय करशील, एवढंच विचारलेलं असतं. 'स्टॉप्ड' ऐकून मागं कधी मशीन बंद पडलं होतं ते सांगत बसायचं नाही. उत्तर 'वुड'नंच सुरू करायचं : "फर्स्ट, आय वुड स्विच ऑफ द मेन सप्लाय. देन आय वुड इन्फॉर्म द सुपरवायझर."