सूर्यास्तानंतर भिलाईला वीज कोठून?

भिलाई (छत्तीसगड) : पोलाद कारखान्यातील झोतभट्टी संध्याकाळी विझवून सकाळी पेटवता येत नाही. तिला थंड ठेवणारे पाण्याचे पंप बंद पडले, तर भट्टीलाच नव्हे, कामगारांनाही धोका संभवतो. त्यामुळे १९५९ पासून लोखंड ओतणाऱ्या भिलाईला वीज अहोरात्र लागते. एनटीपीसी व सेल यांच्या संयुक्त कंपनीचे येथील ५०० मेगावॉटचे औष्णिक केंद्र कोळशावर चालते.

सौरऊर्जेचा पर्याय फार दूर नाही. शेजारच्या राजनांदगाव जिल्ह्यातील १०० मेगावॉटच्या सौरप्रकल्पाचे राष्ट्रार्पण पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी २४ फेब्रुवारी २०२४ रोजी केले. दिवसाची वीज साठवून ठेवणारी त्याची बॅटरी सूर्यास्तानंतर ४० मेगावॉट वीज तीन तास, म्हणजे एकूण १२० मेगावॉट-तास देऊ शकते. दिवेलागणीला वाढणारी घरगुती मागणी भागवण्यास ही मदत मोठीच. पण भिलाईचे औष्णिक केंद्र पूर्ण क्षमतेने चालल्यास तेवढी वीज पाव तासाच्या आत तयार होते. उद्घाटनाच्या बातम्यांत केवळ मेगावॉट मोजले जातात, तास क्वचितच.

म्हणूनच झोतभट्टी व कोक भट्ट्यांतून निघणाऱ्या ज्वलनशील वायूवर वीज तयार करण्याचा जुना मार्ग आजही मोलाचा आहे. हा वायू रात्रीही मिळतो.